अभिभाषणाचं तिसरं पान

नव्वदच्या दशकात मी पेण-रोह्याच्या पट्ट्यातल्या एका लहान नगरपालिकेत हंगामी टंकलेखिका होते. गावाचं नाव सांगत नाही. दर वर्षी अंदाजपत्रकाच्या सभेत नगराध्यक्ष वर्षभराच्या प्रगतीचं आणि पुढच्या कामांचं अभिभाषण वाचत. ते मी टाइप करायची. म्हणजे मागच्या वर्षीचं समोर ठेवून साल बदलायचं, नव्या रस्त्यांची नावं घालायची. 'खाडीलगतच्या वस्तीतील गटाराचे काम प्रगतिपथावर आहे' हे वाक्य मी तीन नगराध्यक्षांसाठी जसंच्या तसं टाइप केलं.

त्या आळीत आमच्या ऑफिसातल्या शिपाई मावशी राहायच्या. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी गटारातून उलटं चढायचं आणि थेट घरात यायचं. गटाराच्या तोंडाशी एक उघाडी बसवायला हवी होती, म्हणजे भरती आली की आपोआप मिटणारी लाकडी झडप. मागणी एवढीच. मावशी माझ्या टेबलावर चहा ठेवताना दर वर्षी विचारायच्या, "आमचे आलीचा काय लिवलास गो?"

"प्रगतिपथावर," मी म्हणायची.

"बरा," म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे जायच्या.

मग महिला आरक्षण आलं आणि रोह्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई नगराध्यक्षा झाल्या. सह्या करायला बसवल्यात, असं गावात उघड बोलायचे. बाईंनी जुनं अभिभाषण मागवून घेतलं, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि मला विचारलं, "हे काम कुठवर आलंय?"

दारातून मावशीच म्हणाल्या, "बाई, परवा अमावस्या हाय. बघाला या."

बाई खरंच गेल्या. मी सोबत होते. दुपारी बाराच्या सुमारास गटारातलं काळं पाणी थबकलं, मागे वळलं आणि बघता बघता उंबरे ओलांडून आत शिरलं. बायका स्टोव्ह, तांदळाचे डबे, पोरांची दप्तरं फळीवर चढवत होत्या. बाई घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. साडी वर धरायचंही त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अभिभाषणाचं तिसरं पान तोंडी सांगितलं. "खाडीलगतच्या वस्तीत आजही उधाणाचं पाणी घरात शिरतं. काम चालू आहे असं आपण दर वर्षी सांगत आलो. ते सुरूच झालेलं नाही. या वर्षी ते सगळ्यात आधी होईल." प्रती काढण्यासाठी मी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी काय टाइप करतेय ते वाचत होते.

सभेच्या आदल्या दिवशी एक ज्येष्ठ नगरसेवक माझ्या टेबलाशी आले. आवाज अगदी मऊ. "आपल्याच नगरपालिकेची लाज आपण काढायची का, ताई? बाई नवीन आहेत. तिसरं पान जुन्यासारखं करून घ्या. तुमचं कायम व्हायचं प्रकरणही सभेपुढे आहेच."

मी दुसरं स्टेन्सिल कापलं. प्रती काढल्या, टाचण्या लावल्या. बाईंना सांगावं म्हणून दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा परत फिरले.

सभेत बाई तिसऱ्या पानावर आल्या आणि थांबल्या. चष्मा काढून पुसला. पान उलटून पाहिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते; ते नगरसेवक तर हसतमुखाने. मी खाली मान घातली. मग बाईंचा आवाज आला, "खाडीलगतच्या वस्तीतील गटाराचे काम प्रगतिपथावर आहे." सवयीप्रमाणे टाळ्या पडल्या.

सभा संपल्यावर त्यांनी मला बोलावलं. "तुम्ही टाइप केलंत?"

"हो, बाई."

मला रडू आलं. त्यांनी तिसरं पान टाचणीतून सोडवून टेबलावर ठेवलं. "रडू नका. तुम्ही नुसतं टाइप केलंत. मी तर वाचलं."

त्यानंतर त्यांनी तो विषय तीन सभांपुढे आणला. तिन्ही वेळा तो तहकूब झाला. तेवढ्यात त्यांच्या पदाचं वर्ष संपलं आणि त्यांच्या खुर्चीत दुसरे आले. मी मात्र कायम झाले.

मावशींनी शेवटी कुणाची वाट पाहिली नाही. लेकाला कंपनीत शिफ्टचं काम लागल्यावर त्यांनी भराव टाकून घराची जमीन हातभर उंच केली. छप्पर उंच करण्याइतके पैसे नव्हते, ते होतं तिथेच राहिलं. मी बघायला गेले तेव्हा दारातून वाकून आत जावं लागलं.

"आता पानी येत नाय," मावशी म्हणाल्या. त्या बसूनच बोलत होत्या. उभं राहिलं की डोकं वाशाला लागायचं.