सतीकाठचा निळा दोर

"ओ डाक्टर! दोर काढा! पह्यले तो दोर काढा म्हणते ना!"

मैनाबाई हातातली मोहफुलांची टोपली टाकून माझ्यामागे पळत होती. फुलं अंगणभर सांडली होती आणि तिचं तिकडे लक्षही नव्हतं. पुढे मी, माझ्या हातात निळा नायलॉनचा दोर, आणि दोराच्या टोकाला तिचा कुत्रा.

"कुत्र्याले दोर लावून जंगलात नाई नेत कोणी! काही आलं तं पळन कसा तो?"

"अवो बाई, आमच्या माजरीत साहेब लोकाईचे कुत्रे असेच फिरतेत!"

"मंग माजरीतच फिरवा ना! इथी काऊन?"

विहिरीवरच्या बाया हसल्या. मीही हसलो... आणि दोर न काढताच निघालो.

मला ओळखणारे हे वाचतील तेव्हा म्हणतील, झालं, याचं सुरू झालं. माझ्या मित्रांची पद्धत आहे — मी काही सांगितलं की चारने भागायचं. मी बारा फुटी अजगर म्हणालो की ते तीन फुटांची धामण धरतात. त्यांचं चूक नाही. पण भुताखेताची गोष्ट मी कधीच सांगितली नाही, कारण माझा त्यावर विश्वासच नव्हता. आमच्या घरातून छप्पन साली, धम्मदीक्षेनंतर, देव निघाले, तेव्हा भुतांनाही त्यांच्या मागोमाग पिशवी उचलावी लागली. बाबा माजरीला कोळशाच्या खाणीत उतरायचे. अंधाराला घाबरायची त्यांना फुरसत नव्हती. मी त्यांचा पोरगा. तेव्हा हे जे सांगतोय, ते चारने भागू नका. एवढं एक.

साल चौऱ्याऐंशी. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झालेला. मी हिवतापाच्या कामावर कुरखेडा तालुक्यात. गावोगाव जायचं, ताप कुणाला विचारायचं, बोटाला सुई टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या. दर पंधरा दिवसांनी तीच गावं. हातात सुई म्हणून लोक मला डाक्टर म्हणत, आणि मीही कधी कुणाची चूक सुधारली नाही. बोरीटोल्यापर्यंत सायकल; तिथून पुढे सती नदी ओलांडून पलीकडच्या तीन पाड्यांपर्यंत पायी. वाट चाळीस मैलांची.

बरं, अकरा. किलोमीटर.

पण वाट काय होती म्हणून सांगू! आधी धानाच्या रिकाम्या बांध्या, मग मोहाची झाडं, त्यांच्याखाली पालापाचोळा जाळून काळी केलेली जमीन आणि त्यावर पहाटे पडलेली पिवळी फुलं. मग हत्तीगोटा नावाचा एक काळा खडक. त्याच्यापुढे बांबूचं रान, आणि रान संपलं की एकदम नदी — उन्हाळ्यातली, घोट्याएवढं पाणी आणि ही एवढी वाळू. कुत्र्याला घेऊन चालावं तर अशा वाटेवर.

कुत्रा दिला बोरीटोल्याच्या चैतूभाऊंनी, म्हणजे मैनाबाईच्या नवऱ्यानं. "एकटे नोका जाऊ डाक्टर. अस्वल मोहाखाली बसून राह्यते. याले न्या." कुत्र्याचं नाव काड्या. अंगानं बारीक, रंगानं मातीसारखा, एक कान फाटका. नाव पडलं त्याच्या खोडीवरून. वाटेत दिसेल ती काडी, फांदी, डहाळी मध्यावर दातात धरायची, आणून तुमच्या पायाशी टाकायची आणि तुमच्या तोंडाकडे बघायचं. जणू काही फार मोठं काम केलंय. दोन फेऱ्या तो मोकळाच आला. वीस पावलं पुढे चालायचा, थांबायचा, मागे वळून मी येतोय ना बघायचा. तिसऱ्या फेरीला मी कुरखेड्याच्या बाजारातून दोर आणला.

का आणला? लोकांना मी सांगायचो — पळून जाईल म्हणून. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितो. माजरीत खाणीतल्या एका साहेबाच्या बाईसाहेब संध्याकाळी कुत्र्याला पट्टा लावून फिरायला न्यायच्या. आम्ही पोरं नालीपाशी उभं राहून बघायचो. मला वाटायचं, माणूस मोठा झाला की असंच चालत असेल. बस. एवढंच कारण.

दोर लावून निघालो त्याच दिवशी पाड्यांवरचं काम संपवून भर दुपारी मी नदीवर परत आलो. रक्ताच्या पट्ट्या होत्या, त्या पुन्हा एकदा बघून नीट बांधून घ्यायच्या होत्या. काड्या पाण्यात लोळून यायचा आणि नेमका माझ्या सामानाशी येऊन अंग झाडायचा. म्हणून त्याला जांभळीच्या उघड्या मुळीला बांधला. चांगली दुहेरी गाठ मारली. पट्ट्या आवरल्या, कपडे काढून एका सपाट दगडावर ठेवले आणि वळणापलीकडे डोहात अंघोळीला गेलो. तिथून जांभूळ दिसत नव्हती.

काड्या भुंकला. दोनदा. मग भुंकणं नाही, नुसता दोराचा आवाज — ताणला, सैल झाला, ताणला.

मी ओल्या अंगानं वळणावर आलो. बिबट होता. गावात मी जो सांगितला तो ढाण्या वाघ होता, म्हशीएवढा. खरा बिबट फार मोठा नव्हता. काड्याच्या दीडपट असेल. निवांत बसला होता, घाई नसल्यासारखा. काड्या दोर पुरेल तेवढा लांब आला होता, गळ्याला फास बसला होता, आणि तो बिबट्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

माझा आवाज तुम्हाला माहीत नाही. मी आठवडी बाजारात ओरडलो की बैल दचकतात. हे चारने भागलं तरी बिबट पळाला असता. दगड मारला तर लागेल इतका मी जवळ होतो. तोंड उघडलं... आणि काही आलं नाही. हवासुद्धा नाही. मी तसाच मागे मागे सरकलो आणि वळणाआड पाण्यात बसलो. गळ्यापर्यंत.

तासाभरानं आलो तेव्हा वाळूवर ओढल्याची रेघ होती, ती बांबूत गेली होती. गळ्याकडचा फास तुटला होता. उरलेला दोर मुळीला तसाच होता आणि गाठ ताणून ताणून दगडासारखी झाली होती. सोडायला गेलो, नखं तुटली. मग वरून वाळू लोटली आणि निघालो.

बोरीटोल्यात पोचेपर्यंत माझी गोष्ट तयार होती. हत्तीगोट्यापाशी वाघ माझ्यावर धावला, काड्या मध्ये पडला, अर्धा तास झुंजला, मी काठीनं हाणत राहिलो! काय सांगितलं असेल मी... बायांच्या डोळ्यांत पाणी आलं. जागा हत्तीगोटा सांगितली, कारण तिथे दोर नव्हता.

"दोर होता ना त्याले?" मैनाबाईनं विचारलं.

"गावाभाईरच सोडला व्हता, बाई."

चैतूभाऊ म्हणाले, "माणसाले वाचोलन त्यानं. चांगलं झालं."

त्या भागात रीत आहे. वाघानं माणूस नेला त्या जागेवरून जो जाईल त्यानं एक हिरवी डहाळी तिथे टाकायची. न टाकता कुणी पुढे जात नाही, आणि टाकलेली कुणी उचलत नाही — चुलीला लाकूड नसलं तरी नाही. कुत्र्यासाठी असं करत नाहीत. पण यानं माणूस वाचवला होता. दुसऱ्या दिवशी अख्खा टोला हत्तीगोट्यापाशी आला. सागाच्या, ऐनाच्या, पळसाच्या डहाळ्या, सगळ्या हातानं मोडलेल्या. मीही टाकली. सायकलच्या पिशवीत माझं दाढीचं ब्लेड होतं, म्हणून माझी तेवढी तिरपी, साफ कापलेली. तोंड पाडून उभा राहिलो. जमतं मला ते.

पंधरा दिवसांनी परत गेलो. हत्तीगोटा रिकामा. एक पानसुद्धा नाही. मला वाटलं वारा असेल. पुढे नदीवर आलो.

डहाळ्या जांभळीखाली होत्या. कमरेएवढा ढीग. नाही — गुडघ्याएवढा. नाही. घोट्याएवढा होता, आणि तेवढा पुरे होता. मी खाली बसून एकेक उचलली. प्रत्येक डहाळीच्या बरोबर मध्यावर साल चावलेली. दोन्ही बाजूंनी, दातांची टोचण. मी त्या कुत्र्यानं आणलेल्या पन्नास काड्या तरी हातात घेतल्या असतील. ती खूण मला ओळखायला दिवा लागत नव्हता. माझी डहाळी ढिगात नव्हती. ती पलीकडच्या सपाट दगडावर होती. त्या दिवशी मी कपडे ठेवले होते त्या दगडावर. तिरपी कापलेली, मध्यावर चावलेली.

आणि आजूबाजूच्या वाळूत माझ्याशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं. हे चारने भागता येत नाही.

मी काय केलं असेल? बसून रडलो? छे! सगळ्या डहाळ्या गोळा केल्या, गमछ्यात बांधल्या आणि भर उन्हात हत्तीगोट्यापर्यंत डोक्यावर वाहून परत रचून ठेवल्या. चोर आपला माल परत ठेवतो तशा. पुढच्या फेरीला पुन्हा हत्तीगोटा रिकामा, पुन्हा जांभळीखाली ढीग, माझी डहाळी पुन्हा त्या दगडावर. पुन्हा वाहिल्या. तिसऱ्यांदा तेच. मधल्या काळात गावच्या लोकांनी नव्या टाकलेल्या डहाळ्याही तिथेच. मी झोपेत दोराचा आवाज ऐकायला लागलो होतो — ताणला, सैल झाला — पण ते माझ्या मनाचे खेळ असतील, ते यात धरू नका. डहाळ्या धरा.

मी विचार केला नाही असं नाही. पोरांची मस्करी म्हणावी, तर त्या डहाळ्यांना हात लावायची तिथल्या पोराची छाती नाही. अस्वल म्हणावं, तर अस्वल मोह खाईल, डहाळ्या कशाला वाहील? सगळ्यात जास्त संशय मला चैतूभाऊंचा आला. त्यांना कळलं असेल आणि ते मला गुमान धडा शिकवत असतील... पण त्या महिन्यात त्यांच्या बोटाला सुई मीच टोचली होती. ताप त्यांच्या अंगात होता, खाटेवरून उठून अंगणात जायला त्यांना मैनाबाईचा खांदा लागायचा. मैनाबाई त्यांच्याजवळून हलत नव्हती. आज इतकी वर्षं झाली. सगळ्या बाजूंनी बघून झालं. मला उत्तर सापडलेलं नाही, आणि कुणी सांगितलं तर मला ते ऐकायचं आहे.

पाऊस यायच्या आधीची शेवटची फेरी. एकदा नदी भरली की पलीकडचे पाडे दिवाळीपर्यंत तुटायचे. चैतूभाऊ नुकते उठून बसायला लागले होते. मी निघालो तर म्हणाले, "चाला, मी येतो. आता कुत्रा नाई तुमच्यासंगं."

"नको भाऊ, अंगात ताकद नाही तुमच्या."

"येतो म्हणलं ना."

मैनाबाई दारात उभी होती. या वेळी ती ओरडली नाही.

हळूहळू चाललो. मोहाची झाडं आता रिकामी होती. ते माझ्या वीस पावलं पुढे चालत होते आणि मधूनमधून थांबून मागे बघत होते, मी येतोय ना म्हणून. हत्तीगोटा आला. रिकामा. त्यांनी येताना एक डहाळी मोडून घेतली होती. ती टाकतील म्हणून मी थांबलो. त्यांनी ती टाकली नाही. रिकाम्या जागेकडे बघितलं आणि बांबूतून खाली नदीकडे उतरले.

जांभळीखाली ढीग होता. ते ढिगापाशी उकिडवे बसले, एक डहाळी उचलली, मध्यावर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

मग मी बोललो. जन्मात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट होती तेवढीच सांगितली. वाघ नव्हता, बिबट होता. झुंज नव्हती. दोर होता. मी बांधला, मी बघितलं, मी ओरडलो नाही. सगळं मिळून चार-पाच वाक्यं झाली. मला वाटलं नव्हतं ते इतकं लहान असेल.

मी मार खायला तयार होतो. शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चैतूभाऊंनी हातानं वाळू बाजूला केली. निळा दोर निघाला, जसाच्या तसा. नायलॉनला काय होतंय. त्यांनी गाठीवरची माती फुंकली.

"गाठ कोणाची?"

"माझी, भाऊ."

"मंग तूच सोड."