बांधाच्या आतली खारफुटी

नांदेडहून गाडी सुटली आणि मुदखेड येईपर्यंत मी डब्यातल्या तिघांना सांगून टाकलं, की माझा विद्यार्थी समुद्र अडवतो आहे. लातूरच्या क्लासमध्ये शिकवण्यात आयुष्य गेलं की बढाई मारायची सवय लागते. चाकूरचा प्रशांत गोदावरीच्या मुखाशी एका कंत्राटदाराकडे इंजिनिअर होता. किनाऱ्यावरची खारफुटी राखायला त्यानं बांध घातला होता. "सर, एकदा येऊन बघाच," म्हणाला, आणि मी निघालो.

दुसऱ्या दिवशी उतरलो. नांदेडच्या घाटावर जिच्यात हात-पाय धुतले होते ती गोदावरी इथं इतकी रुंद, गढूळ आणि संथ होती, की ओळख पटेना. पलीकडे समुद्र होता. प्रशांत कामावरच्या सगळ्यांसमोर वाकून माझ्या पाया पडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जेवण बांधाशेजारच्या वस्तीत, वेंकम्माच्या घरी. ती खाडीत मासे, खेकडे धरणारी विधवा. भात आणि चेपल पुलुसू (चिंचेच्या पाण्यातलं माशाचं कालवण) तिनं वाढलं. माझं आजोळ देगलूरचं, म्हणून मोडकंतोडकं तेलुगू मला येतं. ते ऐकल्यावर तिनं प्रशांतला सोडलं आणि मलाच धरलं. ताट संपायच्या आत मला मड अडवी (खारफुटीचं रान) दाखवायला घेऊन गेली.

चिखलात माझी एक चप्पल रुतली ती गेलीच. पुढं अनवाणी चाललो तर जमिनीतून वर आलेली श्वसनमुळं तळव्याला टोचत होती. फळ्यावर शेकडो वेळा काढलेली ही मुळं मी पहिल्यांदा पाहत होतो. पायाखाली ती कटकन मोडत होती. वर पाहिलं तर झाडांना पान नव्हतं.

प्रशांतचा बांध खारफुटीच्या समुद्राकडच्या अंगाला होता. झाडं आत, समुद्र बाहेर. भरतीचं पाणी आत शिरायचं बंद झालं आणि रान उभ्याउभ्या वाळलं.

"तुफानात हेच रान आमच्या पुढं उभं राहायचं," वेंकम्मा म्हणाली. "बांध मातीचा आहे, एका तुफानात जाईल. मग आमच्यापुढं काय? जुन्या खाडीच्या तोंडाशी पाण्याला वाट सोडायला सांगा. खणायचं आम्ही खणतो. तुमचं तो ऐकेल."

मागून आलेल्या प्रशांतला मी विचारलं, "अरे, भरतीचं पाणी आत कसं येणार, हा विचार नाही केलास?"

"ते आपल्या पोर्शनला न्हवतं ना, सर," तो हसत म्हणाला. "आपल्याला नुसती मुळं होती."

धडा पुस्तकात पूर्ण होता. खारफुटीवर एकच प्रश्न येतो, मुळं पाठ करा, बाकी पान सोडा, हे मीच सांगायचो. दरवर्षी, छाती पुढं काढून.

"मग वाट सोड," मी म्हणालो.

"न्हाई होत, सर. नकाशा मंजूर हाय. मलाच विचारतेत मग."

भूकंपानंतर आमचं गाव नवीन जागी वसवलं, तेव्हा वडिलांनी इंजिनिअरला विचारलं होतं, बैल कुठं बांधू? त्यानंही नकाशा दाखवला होता. तेव्हा मला त्याचा फार राग आला होता. इथं मात्र मी विषय सोडून दिला. पाया पडलेल्या पोराला लोकांसमोर कसं रागवायचं, असं मनाशी म्हणालो. वेंकम्माला सांगितलं, साहेब बघतो म्हणतात. हे भाषांतर नव्हतं, थाप होती.

लातूरला परतून महिना झाला असेल, प्रशांतचा फोन आला. वस्तीतल्या लोकांनी कुदळी घेऊन बांध फोडला होता. वेंकम्माविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली होती.

"सर, तुमच्यासमोर धमकी दिली होती तिनं. दोन ओळी लिहून द्या. तुमच्या नावाला वजन हाय."

मी लिहून दिलं: बाईंनी धमकी दिली नाही, वाट मागितली. मागणी बरोबर होती.

त्यानं तो कागद कुणाला दाखवला नाही. काही दिवसांनी फोटो मात्र पाठवला. फुटलेली जागा दगड आणि सिमेंटनं बुजवली होती. आत खाडीच्या काठानं, बारीक पोपटी पालवी फुटलेली झाडं स्पष्ट दिसत होती. चार-आठ दिवस पाणी मिळालं, तेवढ्यावर ती जगायला निघाली होती.

खाली प्रशांतनं लिहिलं होतं, "आता पक्कं झालं, सर."