बँडमास्तरांनी नेलेलं स्थळ

आमच्या एचआयव्ही उपचार केंद्रातले बँडमास्तर उभं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत आले. ते स्वतः इथलेच पेशंट. गोळ्यांवर ठणठणीत आहेत. परदेशातल्या एका संस्थेशी आमच्या आरोग्य खात्याचा करार झाला, तेव्हा गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांना घरी जाऊन परत आणायला पेशंटांपैकीच माणसं नेमायचं ठरलं. पहिला अर्ज मास्तरांचा.

प्रशिक्षणाला आलेल्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली. घरच्यांना आजाराचा सुगावा लागता कामा नये. जायला निमित्त ज्याचं त्याने शोधावं.

"त्यात काय! लग्नाच्या धंद्यातला माणूस मी. स्थळ आणलंय म्हणायचं," मास्तर म्हणाले.

दुभाष्याने त्याचं काय केलं कोण जाणे, बाईंनी टाळ्या वाजवल्या.

पहिलंच घर एका रंगाऱ्याचं. तो भाऊ-वहिनींकडे राहायचा. गोळ्या सोडून बसला होता, फोन उचलत नव्हता. आणखी लांबवलं तर त्याला स्ट्रेचरवरूनच आणावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मास्तर गेले तेव्हा तो कामावर होता. दार वहिनीने उघडलं. स्थळ म्हटल्याबरोबर तिने पदराने खुर्ची पुसली.

"मुलगी काय करते?"

एवढ्या पुढचा विचार मास्तरांनी केलेला नव्हता. "दवाखान्यात असते," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आणि उंची?"

मास्तरांनी उभं राहून आपल्या डोक्याच्या वर हात धरून दाखवला.

"अगंबाई, भावोजींपेक्षा उंच!"

"बसल्यावर वाटत नाही."

"कुठला दवाखाना? उद्याच जाऊन बघून येते."

मास्तरांनी सवयीने आपल्याच दवाखान्याचं नाव सांगितलं, आणि मग चहा अर्धा टाकून पळाले.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडतंय तोच रंगारी दारात. "कुठाय तो वाजंत्री? वहिनी साडी नेसून तयार बसलीय! ती इथे येऊन टपकली तर मी तोंड कुठे लपवू?"

"आधी काट्यावर उभा राहा," नर्स म्हणाली.

तो काट्यावर उभा राहून भांडला. एका हातातून रक्त घेईपर्यंत दुसरा हात मास्तरांवर उगारून भांडला. गोळ्या का सोडल्या विचारल्यावर मात्र "बरं वाटायला लागलं होतं," एवढंच म्हणाला, आणि गोळ्यांचा नवा पुडा खिशात घातला. "आता वहिनीला काय सांगू?"

"मुलीकडचे नको म्हणाले. मुलगा फार वाळलाय. जरा अंग धरलं तर पुढचं बोलू," मास्तर म्हणाले.

हे वहिनीला भलतंच झोंबलं. ती रोज ताट भरून समोर बसायला लागली. "खा! त्या उंटिणीला दाखवूच." गोळ्या ताकदीच्या आहेत, असं त्याने घरी सांगितलं होतं. त्या वेळेवर घ्यायला लावण्याचं कामही तिने अंगावर घेतलं. डॉक्टरांनाही एवढं जमलं नव्हतं.

काही महिन्यांनी रंगारी चांगला भरला. तपासणी झाल्यावर त्याने डॉक्टरांना खालच्या आवाजात विचारलं, "माझ्यासारख्याचं लग्न होतं?"

"का नाही? गोळ्या चुकवू नकोस. रिपोर्टात विषाणू दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, की बायकोला तुझ्यापासून लागण होणार नाही. फक्त मुलीला आधी सगळं खरं सांगायचं."

तो बाहेर येऊन मास्तरांशेजारी बसला. "मास्तर, ती मुलगी..."

"अरे, ती नाहीच आहे!"

"माहितीये मला. पण विषय तुम्ही काढलात ना? मग आता निस्तरा."

मास्तर सध्या स्थळं शोधतायत.