सात पुतळे आणि एक मास्तर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा घोटाळा मी स्वतः, महिनाभर मेहनत करून घातलेला आहे.

इंदूरच्या एका शाळेत मी गणित शिकवतो आणि मुलींना रग्बी, सात-सात जणींची. माझा स्वभाव आधीच सांगून टाकतो. बूड म्हणून टेकत नाही! बायको म्हणते, हे चहासुद्धा फेऱ्या मारत पितात. ट्रेनिंगचंही तेच. दर आठवड्याला नवी पद्धत.

त्यातली एक मात्र मला फारच आवडली, महिनाभर तीच चालवली. मी शिट्टी वाजवायची, की सातही मुलींनी असतील तशा थिजायचं. मग मी एकेकीचे गुडघे, खांदे तपासणार आणि पाठीवर थाप मारणार. थाप पडल्याशिवाय हलायचं नाही. भाऊ म्हणा, आमच्या इंदुरीत भिया म्हणा, मुली अशा तयार झाल्या की नाकावर माशी बसली तरी ढिम्म!

मग मॅच आली. प्रिन्सिपल मॅडमनी बजावलंच होतं, या वेळी जिंका, नाहीतर रग्बी बंद, मैदान क्रिकेटला. मुली रडवेल्या. माझी तर झोपच उडाली.

मैदानाच्या कडेला मी येरझाऱ्या घालतोय, सवयीने शिट्टी तोंडात. सामना बरोबरीत. आणि आमची कॅप्टन रेवा बॉल घेऊन सुटली! समोर कोणी नाही. त्यांच्या टोकाच्या रेषेला दहा पावलं राहिली फक्त. माझा श्वास कोंडला, आणि सुटला तो थेट शिट्टीत.

रेवा थांबली. बाकी सहा जणीही थांबल्या. गुडघे वाकलेले, खांदे अगदी बरोबर. रेफरीची शिट्टी नव्हती, म्हणजे खेळ चालूच! समोरच्या टीममधल्या एकीने रेवाच्या हातातून बॉल अलगद काढून घेतला आणि आरामात जाऊन आमच्या टोकाला टेकवला. गुण त्यांचे!

मग मी काय करावं? धावलो ना आत, थापा मारायला! घाईघाईत समोरच्या टीममधल्या दोघींनाही थापटलं.

रेफरी शांतपणे म्हणाला, "सरजी, आप ज़रा गेट के बाहर टहल लो."

टहललो. आतून ओरडा ऐकू येई, पण कोणाचा ते कळेना. पोरींचा खेळ माझ्यामुळे बुडाला, या विचाराने जीव नुसता खालीवर होत होता.

शेवटी रेवा बाहेर आली, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेली. "सर, जीत गए. मॅडम बोलल्या, रग्बी चालू राहील."

माझे डोळेच भरून आले. ती मात्र घुटमळली.

"सर, बुरा मत मानना, पण सगळ्यांनी मिळून ठरवलंय. पुढच्या मॅचला पण तुम्ही बाहेरच थांबाल का?"

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण हो म्हणालो. तेव्हापासून आमची टीम एकही मॅच हरलेली नाही. मी एकही पाहिलेली नाही.