कार्ब्युरेटर आणि बाबांचा खोकला

रविवारची सकाळ म्हणजे सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमागे बाबांची मोटरसायकल, बाबांचा खोकला आणि टॉर्च धरून उभी असलेली मी. आठवडाभर ऑफिसात मान मोडायची आणि सुट्टीच्या दिवशी पेट्रोलचा वास घ्यायचा. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. लग्नाच्या भानगडीत मी पडले नाही, त्यामुळे टॉर्च धरायला दुसरं कोण येणार?

गाडीला पंधरा वर्षं कधीच उलटून गेली होती, म्हणजे दिल्लीत ती रस्त्यावर काढायची सोय नाही. तरी बाबा दर रविवारी कार्ब्युरेटर उघडून साफ करायचे, परत बसवायचे आणि गाडी जागेवरच सुरू करून स्क्रू पिळत बसायचे. वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून म्हणायची, "अंकलजी, धुआँ ऊपर आ रहा है." बाबा म्हणायचे, "बस, दो मिनट, बेटा." दोन मिनिटांचा अर्धा तास व्हायचा आणि नंतर जिन्यात ती बोलायची मात्र मला.

थंडीत यांना दिल्लीत ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साताऱ्याला माझा मोठा भाऊ खोली रिकामी करून बसला होता. पण बाबांचं एकच पालुपद, "गाडीकडे कोण बघणार?" झालं, आमचं सगळं मुसळ केरात. दोन हिवाळे त्यांचा दमा, माझं ऑफिस आणि त्यांचा हट्ट यांत मी पिळून निघाले. खरं सांगते, कंटाळले होते. त्यांनी जावं असं वाटायचं, आणि असं वाटतं म्हणून स्वतःचाच राग यायचा.

यंदा थंडी सुरू होताच दादा म्हणाला, गाडीच इकडे पाठवा, कागदपत्रांचं मी बघतो. बाबा चक्क हो म्हणाले. स्वतःच्या जाण्याबद्दल अर्थातच चकार शब्द नाही. गाडी रेल्वे पार्सलने जायची होती, त्याच्या आदल्या रविवारी ते शेवटचं ट्यूनिंग करायला बसले.

रीत मला पाठ होती. इंजिन तापू द्यायचं, हवेचा स्क्रू पूर्ण आत बसवायचा, दीड फेरा बाहेर काढायचा, मग कान देऊन किंचित इकडेतिकडे. त्या दिवशी मात्र बाबा फिरवतच राहिले. इंजिन अडखळलं आणि बंद पडलं. किक मारायचं काम माझं, कारण त्यांना दम लागायचा. मी मारली. परत सुरू, परत बंद.

"बाबा, दीडच असतो ना?"

"तू टॉर्च नीट धर."

वाटलं, गेला यांचा हात. डोळे अधू झाले, कान गेले थोडे, आता हेही? स्क्रूड्रायव्हर घ्यायला मी हात पुढे केला, तो त्यांनी झटकला.

"अगं, ही इथे चालायचीच नाही," ते म्हणाले. "तिकडची हवा इथल्यापेक्षा गरम, शिवाय गाव उंचावर, म्हणून विरळ. पेट्रोल कमी लागतं. मी साताऱ्याच्या अंदाजाने लावलीय. तिथे गेल्यावर बघतो परत."

"बघतो म्हणजे? तुम्ही?"

"मग काय तुझा दादा बघणार? त्याला चोक कुठला तेही माहीत नाही."

चिंधीला हात पुसता पुसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू राहशील ना गं एकटी? एवढ्यासाठीच टाळत होतो. गाडीचं आपलं निमित्त."

मला रडूच आलं. दोन वर्षं "जा, जा" म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते, आणि आता तोंडातून निघालं ते, "होळीपर्यंतच हं, बाबा. पुढे एक दिवससुद्धा नाही."