गेटाच्या आतली जीप

गेटमामांकडे कुणी विकत घ्यायची गाडी दाखवायला नेली, की ते बॉनेटला हातच लावायचे नाहीत. आधी प्रश्न. "ही रवतली खंय? आणि कामाक जातली खंय?" मग पायात चपला सरकवायच्या आणि गाडी जिथं उभी राहणार तिथपासून जिथं काम करणार तिथपर्यंतचा सगळा रस्ता मालकाबरोबर पायी चालायचा. चालून झालं की इंजिन. माणसं वैतागायची. अहो, गाडी बघा ना, रस्ता काय बघताय! पण मामा हलायचे नाहीत.

रेशनकार्डावर त्यांचं नाव काही वेगळंच होतं, पण गोरेगाव पूर्वेला, दिंडोशीच्या अंगाला, सगळे त्यांना गेटमामाच म्हणत. मूळचे मालवणकडचे. टेकडीच्या पायथ्याशी त्यांची पत्र्याची शेड होती आणि तिच्यात एक लाकडी बाक, ज्यावर बसलं की साडीला ग्रीस लागणारच. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. तेव्हा कुणी बोललं तर हाताने गप्प करायचे. गाड्यांना मात्र तोंडभर शिव्या. माणसांना कधीच नाही.

त्या वर्षांत आमच्या भागात डिस्पोजलच्या जिपांचं वेड होतं. लष्करातून मोडीत निघालेली गाडी लिलावात भंगार म्हणून सुटायची, कुणीतरी तिला ठोकून-जोडून उभी करायचं. इंजिन झकास, चिखलात घाला, दगडात घाला, चढणार म्हणजे चढणार. पण कागद नाहीत, नंबर नाही, विमा नाही. म्हणजे रस्त्यावर आणायची सोय नाही. दगडाच्या खाणीत आणि स्टुडिओच्या आवारात अशा जिपा राबत. त्यांच्याबद्दल मामांचं एकच वाक्य होतं: "गेटाच्या आत ती तुझी, गेटाच्या भायर ती पोलिसाची." त्यावरूनच त्यांना ते नाव पडलं.

आणि आमच्या ह्यांच्या डोक्यात नेमकी तीच जीप बसली. गिरणी बंद पडून वर्ष होत आलं होतं. गिरणीत हे मालाचा टेम्पो चालवायचे, त्यामुळे चाकाशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. जवळच्या स्टुडिओत टेकडीवर सेट लागायचे आणि वरपर्यंत दिवे, केबली, फळ्या न्यायला ट्रक चढायचा नाही. जीपवाला मिळाला तर रोजचं काम द्यायला मॅनेजर तयार होता. हाताशी होतं-नव्हतं ते सगळं ह्या एका गाडीत जाणार होतं. ती फुकट गेली असती तर मुलांना घेऊन गावी परतायचं, हे आमचं ठरलेलंच होतं. मला तर जेवण जात नव्हतं. ह्यांना म्हटलं, "घ्या, पण आधी गेटमामांना विचारा."

मामा आले आणि नेहमीप्रमाणे चालायला लागले. आमच्या चाळीपासून स्टुडिओच्या गेटापर्यंत, मागून हे आणि त्यांच्या मागून मी. आमची चाळ वर, गेट खाली, मध्ये उताराचा रस्ता, कडेला म्युनिसिपालिटीची शाळा. गेटाशी पोचल्यावर मामा म्हणाले, "घेव नको."

"अहो मामा, मोजून शंभर पावलं रस्ता! सकाळी न्यायची, संध्याकाळी आणायची. कोण बघतंय?"

"पोलीस नाय बघूचो. पण पोर चाकाखाली इला तर काय सांगतलंस? शंभरच पावलां होती म्हणान?"

हे चिडले. हात झाडून चालायला लागले. मामांनी त्यांना दंडाला धरून थांबवलं आणि शांतपणे म्हणाले, "गाडी बरी असा रे. तिका आत झोपय. मग घे."

ही गोष्ट काही ह्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. गाडी आपली, म्हणजे आपल्या दारात उभी राहणार, एवढंच आमचं गणित. दारात उभी नसेल तर गाडी घेतली हे लोकांना कळणार कसं? मामांनी स्वतः जाऊन मॅनेजरकडून सुतारकामाच्या शेडमागची जागा मागून घेतली. जीप ट्रकवर लादून आणली आणि गेटाच्या आत उतरवली. तिच्या चाकाने डांबरी रस्ता पाहिलाच नाही. हे रोज डबा घेऊन चालत तिच्याकडे जायचे, कचेरीत गेल्यासारखे. महिन्याभरात घरात पुन्हा दोन वेळा नीट स्वयंपाक व्हायला लागला. हुश्श झालं हो मला. शनिवारी मामा येऊन तिला तपासायचे आणि पैशांचं नाव काढलं तर बहिऱ्यासारखं करायचे.

मग आला दसरा. स्टुडिओ बंद, गेटावर फक्त वॉचमन. सकाळीच ह्यांनी जिपेला धुऊन-पुसून झेंडूची तोरणं बांधली. मी पूजेचं सामान घेऊन गेले तर हे म्हणतात, "आत कसली पूजा? दारात नेऊ. आई ओवाळेल, चाळ बघेल." सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या घरीच बसल्या होत्या. खरं सांगते, मलाही मोह झाला. सगळ्या चाळीच्या रिक्षा, स्कुटरी दारात ओवाळून घेत होत्या, आमची मेली तेवढी लपून बसलेली!

हे जीप घेऊन गेटापर्यंत आले आणि समोर मामा. नवीन सदरा, कपाळाला गंध, आणि दोन्ही हात पसरून गेटात उभे.

"मामा, आजचा दिवस तरी! पाच मिनिटांचं काम आहे."

"आज तर नायच. रस्तो बघ मरे, मुंगीक जागा नाय."

"आई वाट बघतेय तिकडे!"

"मग आईक हंय हाडतंय."

आणि खरंच गेले. रिक्षा केली, सासूबाईंना बसवलं, आरतीचं ताट स्वतःच्या मांडीवर धरून घेऊन आले. सासूबाई उतरल्या त्याच फणफणत. "देवाला सुद्धा एवढे चोचले नसतात! गाडी माणसाकडे येते की माणूस गाडीकडे?" हे तर मामांशी बोलायलाच तयार नव्हते. मुकाट्याने जीप मागे घेतली आणि आवारातल्याच खालच्या एका सेटाकडे जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी उभी केली.

सासूबाईंनी ओवाळलं. मी नारळ फोडला. चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि हे चालवायला बसले. जीप पुढं सरकली, लिंबं चिरडली, आम्ही टाळ्या वाजवल्या. आता थांबेल म्हणून बघतो, तर थांबेचना. हे पायाने ब्रेक मारतायत आणि पेडल सरळ तळाला. हँडब्रेकही धरेना. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" असं ओरडत हे त्या उतारावरून निघाले. खाली कुण्या सिनेमाचं देऊळ उभं होतं, प्लायवूडचं आणि प्लॅस्टरचं. जीप सरळ गाभाऱ्यात.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. हे बाहेर आले ते डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. मागून सासूबाई दुखरे गुडघे विसरून पोचल्या आणि ओरडल्या, "देवळात गाडी घातलीस रे मेल्या!" आणि मग ह्यांना मिठी मारून रडायला लागल्या. गेटाबाहेर झेंडूवाल्या बसल्या होत्या, नव्या कपड्यातली पोरं उतारावर पळत होती. जीप तिकडे गेली असती तर! देवा, वाचलो रे वाचलो, एवढंच मी म्हणत होते.

मामा नव्या सदऱ्यासकट जिपेखाली शिरले. बराच वेळ बाहेर येईनात. आले तेव्हा तळहातावर ब्रेकचं एक छोटं काळं रबर होतं आणि चेहरा पार उतरलेला. "ह्या मी घातलेला," ते म्हणाले. "शनिवारी. नवीन मिळाक नाय म्हणान जुनाच साफ करून घातलंय. फाटला. माझा चुकला."

कुणी विचारलं नव्हतं. रबर गपचूप खिशात टाकून आपोआप फाटलं म्हटलं असतं तरी आम्हाला काय कळणार होतं? ह्यांनी पांढऱ्या हातांनी मामांचा हात धरला आणि दोघं तिथेच प्लॅस्टरच्या ढिगावर बसले.

त्यानंतर ब्रेकचं काम केलं की मामा शेजारच्या गॅरेजवाल्याला बोलावून ते तपासून घ्यायचे, स्वतःहून, गिऱ्हाइकाच्या देखत. देऊळ ह्यांनी आणि सुतारांनी मिळून पुन्हा उभं केलं. जीप आणखी चार पावसाळे त्या टेकडीवर राबली, तिच्या जिवावर कागदपत्रांसकट टेम्पो आला आणि आम्ही गोरेगाव सोडलं नाही. आजही कुणी विचारतं, अशी बिनकागदाची गाडी घ्यावी का हो? मी सांगते, तिला झोपायला जागा कुठे आहे ते आधी दाखवा.

डोळ्यांना दिसेनासं झालं तेव्हा मामांनी शेड आवरली आणि ते कायमचे गावी निघाले. हायवेवर एसटीत बसवून द्यायला आम्ही दोघं गेलो होतो. हे वाकून पाया पडले आणि म्हणाले, "मामा, त्या दसऱ्याला तुमच्यामुळे वाचलो."

"माझ्यामुळे नाय रे," मामा म्हणाले. "माझ्यापासून वाचलंस."