आम्हाला गाव नाही

काही किस्से पार्टीत सांगायला बरे असतात, आणि काही सांगताना आपलेच कान गरम होतात. शनिवारच्या त्या हॉलमधले माझे सगळे किस्से दुसऱ्या प्रकारचे, आणि दोन वर्षांत त्यांचा चांगला ढीग साचलाय.

पॅरामॅटाला आमच्या ऑफिसखाली कोस्तासकाकांचं कॉफीशॉप आहे. ग्रीसच्या डोंगरातल्या एवढ्याशा खेड्यातून ते तरुणपणी सिडनीला आले. त्या गावची आठ-दहा म्हातारी माणसं दर शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, एका हॉलमध्ये जमतात आणि गावाचा इतिहास लिहितात. कारण हिवाळ्यात धूर निघणारी घरं तिथे आता बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत. काका मला म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? आमची वेबसाइट कर."

मी म्हटलं, "नो वरीज!" लाजेला सुरुवात इथून.

*

पहिल्याच शनिवारी मी वेबसाइट थाटात स्क्रीनवर लावली. वर मोठ्ठा फोटो: पांढरीशुभ्र घरं, निळे घुमट, खाली समुद्र. ग्रीस म्हणजे हेच ना!

मारियामावशी त्यांच्यातल्या सगळ्यात वडील. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हॉटेल सुंदर आहे. आमचं गाव कधी दाखवतोस?"

त्यांच्या गावातली घरं काळ्या दगडाची, आणि समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो ऑस्ट्रेलियाच्या बोटीत चढताना. हे मी आधी विचारायला हवं होतं.

*

मग इतिहासाचा मजकूर आला. त्यात दोन पानं नुसती खेचरांची नावं! कुणाचं खेचर, रंग कुठला, लाथ मारायचं की नाही, सगळं. मी आपला प्रोफेशनल सल्ला दिला, "काका, ही पानं काढू या. वाचणारा कंटाळेल."

"जागा कमी पडते का?"

"थोडी."

"मग माझं नाव काढ. खेचराचं राहू दे. बर्फातून माझ्या आईला डॉक्टरपर्यंत त्यानं नेलं, मी नाही!"

दोन्ही पानं राहिली. ट्रेनने घरी जाताना मी खिशातून फोनसुद्धा काढला नाही.

*

पण ही लाज काहीच नाही. एकदा कॉफी पिताना मारियामावशींनी विचारलं, "तुझं गाव कुठलं?"

"पुणे."

"ते शहर झालं. गाव?"

आता, आमचे वडील, आप्पा, बाविसाव्या वर्षापर्यंत खेड्यात औतामागे चालले, मग पुण्यात येऊन क्लार्क झाले. गाव आहे, जमीन आहे, भाऊबंद आहेत. पण शाळेत पोरं मला 'गावठी' म्हणायची, तेव्हापासून मी गाव गिळून टाकलं. कॉलेजात, लग्न ठरताना, इथे मित्रांत, सगळीकडे एकच उत्तर तयार. तेच तोंडातून आलं, "आम्हाला गाव नाही. पिढ्यान् पिढ्या शहरातलेच."

मावशींचे डोळे भरले हो! त्यांनी ग्रीकमध्ये सगळ्यांना सांगितलं, आणि सगळे माझ्याकडे अनाथ पोराकडे बघावं तसे बघू लागले. काकांनी मंडळाचं रजिस्टर उघडून त्यात माझं नाव लिहिलं. "गाव नाही, तर आमचं घे!"

टाळ्या वाजल्या. मी उभा राहून थँक यू म्हणालो! खरं बोलायची तीच वेळ होती.

*

गेल्या वर्षी आप्पा आमच्याकडे गिरावीनला आले. "त्यांना घेऊन ये," असा काकांनी हट्टच धरला. मी तीन शनिवार टाळलं. चौथ्या शनिवारी काका स्वतः गाडी घेऊन दारात! आप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. तुटकं बोलत असले तरी इंग्रजी त्यांना चांगलं कळतं, त्यामुळे रस्ताभर मी काकांशी नुसत्या वेबसाइटच्याच गप्पा मारल्या.

हॉलमध्ये शिरताच मावशींनी आप्पांचा हात हातात घेतला. "तुमच्या घराण्याला गाव नाही ना, म्हणून तुमच्या मुलाला आम्ही आमचं दिलं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आप्पा एवढंच म्हणाले, "थँक यू. व्हेरी काइंड." आणि खुर्चीत बसले.

स्क्रीनवर त्या दिवशी मळणीचा जुना फोटो लावला होता. गोल दगडी खळं, मधोमध खांब, खांबाभोवती फिरणारे चार बैल. बघता बघता आप्पा उठले, स्क्रीनपाशी गेले आणि खांबाला लागून असलेल्या बैलावर त्यांनी बोट ठेवलं.

"हा म्हातारा आहे. आत त्यालाच बांधायचं, त्याला कमी चालावं लागतं. तरणा बैल बाहेरच्या अंगाला."

तो बैल काकांच्या घरचा होता, आणि खरंच म्हातारा होता.

"शहरातल्या माणसाला हे कसं कळलं?" काकांनी विचारलं आप्पांना, पण पाहिलं माझ्याकडे.

"पुस्तकात वाचलं," आप्पा म्हणाले.

"कुठल्या?"

"जुनं पुस्तक आहे. मुलानं वाचलेलं नाही."